रेझिन ड्राइव्हवेचं बजेट: तीन कोटेशनं, तिघांचे भाव वेगळे. अंदाज कसा बांधायचा?

हॅरोकर
नमस्कार मंडळी. लंडनला हॅरोमध्ये १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर आहे आमचं. समोरच्या अंगणात निम्म्या भागात जुनं काँक्रीट, निम्म्या भागात सुटी खडी. काँक्रीटला भेगा पडल्यात. खडीतून सासूबाईंचा वॉकर अजिबात चालत नाही, आणि त्या आता कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या आहेत. त्यामुळे दारापासून गाडीपर्यंत सलग, न घसरणारी जमीन हवीच आहे. पलीकडच्या गल्लीत एकांनी रेझिन (खडी आणि चिकट राळ यांचा सलग थर) करून घेतलंय, ते बघून घरात सगळ्यांनाच आवडलं.

जागा साधारण ५० चौरस मीटर. कोटेशनं अशी आली: पहिलं ३,६०० पौंड, दुसरं ६,४०० अधिक व्हॅट, तिसरं ८,३०० व्हॅट धरून. पहिल्या कागदावर फक्त "रेझिन टाकून देणे, ५० चौ.मी." एवढंच आहे. मनात ६,००० धरले होते. इतका फरक कशामुळे? ज्यांनी करून घेतलंय किंवा ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निळीशाई
आमच्याही डोक्यात हेच चाललंय, वाचतेय.

तांबडीमाती
हॅरोकर, मी इथे बांधकामात मोजमापं आणि अंदाजपत्रकंच करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी व्हॅट. दुसऱ्याचे ६,४०० अधिक २० टक्के म्हणजे ७,६८०. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक १,९०० चा दिसत असला तरी खरा ६२० चाच आहे. पहिल्याला विचारा की तो व्हॅट नोंदणीकृत आहे का. एप्रिल २०२४ पासून वर्षाची उलाढाल ९०,००० पौंडांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे एकटादुकटा माणूस व्हॅट लावत नसेल तर त्यात गैर काही नाही, पण तसं कागदावर लिहून घ्या.

आता मुख्य गोष्ट. रेझिनचा थर फक्त १८ मिलिमीटरचा असतो. गाडीचं वजन तो पेलत नाही, पेलतो त्याखालचा पाया. पहिला माणूस बहुधा तुमच्या जुन्या काँक्रीटवरच थर ओतणार आहे आणि खडीच्या भागात थोडंफार दाबून डांबर टाकणार आहे. बाकीचे दोघे सगळं खणून नव्याने करणार असावेत. ही एकाच कामाची तीन कोटेशनं नाहीतच, कामंच वेगळी आहेत. तिघांनाही एकच प्रश्न लेखी विचारा: वरपासून खालपर्यंत कोणता थर, किती जाडीचा?

पाणी मुरणारा नीट ड्राइव्हवे खालून वर असा जातो: तळाशी जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती खडीत मिसळू न देणारं कापड, त्यावर दाबलेली १५० मिमी टाइप ३ खडी, म्हणजे बारीक चुरा नसलेली. टाइप १ मध्ये चुरा असतो, ती दाबल्यावर घट्ट बसते आणि पाणी अडवते. त्यावर ६० मिमी ओपन ग्रेडेड, म्हणजे पाणी खाली जाऊ देणारं डांबर, सगळ्यात वर १८ मिमी रेझिन. बेरीज २२८, धरा २३० मिमी.

५० चौरस मीटरला त्याचा हिशोब करू. ५० गुणिले ०.२३ म्हणजे साडेअकरा घनमीटर माती आणि काँक्रीट बाहेर. वजन सुमारे २० टन, आणि खणल्यावर माल फुगतो तो वेगळाच. म्हणजे ग्रॅब लॉरीच्या (माल उचलून भरणाऱ्या ट्रकच्या) दोन फेऱ्या. आत येणार सुमारे १४ टन टाइप ३ आणि सहा-सात टन डांबर. रेझिनमधली खडी मात्र दीड-पावणेदोन टनच. पैसे खणण्यात, वाहून नेण्यात आणि डांबरात जातात. रंग कोणता निवडायचा यावर घरात आठवडाभर चर्चा होते, आणि पायाबद्दल कुणी विचारत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पाच वर्षांनी भेग पडते ती पायामुळेच.

हॅरोकर
तांबडीमाती, एवढं कुणीच समजावून सांगितलं नव्हतं. पहिल्याला फोन केला. तो म्हणाला, "काँक्रीट मजबूत आहे, उगाच कशाला उकरता." तसं करता येतच नाही का? काँक्रीटच्या भेगा केसाएवढ्या आहेत, एक मात्र बोटभर रुंद आहे.

तांबडीमाती
करता येतं. काँक्रीट हलत नसेल, भेगा बारीक असतील तर प्रायमर मारून त्यावर रेझिन घालतात आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. पण बोटभर भेग म्हणजे ते काँक्रीट हलतंय. वर काहीही घाला, ती भेग त्याच रेषेत वर उमटणार. शिवाय तुमचं अर्धं काँक्रीट आणि अर्धी खडी. दोन्हींच्या सांध्यावर दोन पाये वेगवेगळे खचतील आणि बरोबर तिथेच थर फाटेल.

हॅरो म्हणजे लंडन क्ले. आपल्याकडच्या काळ्या मातीचीच ही जात: पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. २०२२ च्या त्या कोरड्या उन्हाळ्यानंतर दक्षिण इंग्लंडमध्ये किती घरांना तडे गेले ते आठवा. समोर फुटपाथवर मोठं झाड असेल तर मुळं आणखी पाणी ओढतात. अशा मातीत खडीचा थर १५० मिमीवर न थांबवता त्यासाठी थोडं जास्त खणायला सांगा. जास्तीचे ५० मिमी म्हणजे अडीच घनमीटर, खर्चात फार मोठी भर नाही.

आणखी एक, काँक्रीटवर थर चढवला की जमिनीची पातळी वर येते. घराच्या भिंतीतल्या डॅम्प प्रूफ कोर्सच्या (जमिनीची ओल वर चढू न देणाऱ्या थराच्या) खाली किमान १५० मिमी अंतर राहिलं पाहिजे. पट्टी घेऊन आजच मोजा. हवेच्या जाळीदार विटा बुजत नाहीत ना, तेही बघा.

निळीशाई
परवानगीचं काय? आमच्या शेजाऱ्यांना कौन्सिलचं पत्र आलं होतं म्हणून धास्ती वाटते.

ओकवृक्ष
निळीशाई ताई, इंग्लंडपुरतं सांगतो. २००७ च्या उन्हाळ्यात इथे भयंकर पूर आले. त्यानंतर १ ऑक्टोबर २००८ पासून नियम आला: घराच्या पुढच्या अंगणात ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारा पृष्ठभाग करायचा तर प्लॅनिंग परवानगी लागते. पृष्ठभाग पाणी मुरणारा असेल, किंवा पाणी स्वतःच्याच आवारातल्या वाफ्यात, हिरवळीत जिरत असेल, तर लागत नाही. जुनं काढून नवं करतानाही हाच नियम.

यात एक मेख आहे. रेझिन बाउंडमधून पाणी खाली जातं म्हणून विकणारे सरसकट "नियमात बसतं" असं सांगतात. पण खाली काँक्रीट असेल तर पाणी तिथेच अडतं आणि उताराने रस्त्यावर येतं. मग ते नियमात बसत नाही. तेव्हा ३,६०० वाल्या कामात पाणी कुठे जाणार ते विचाराच. फ्लॅटला किंवा संरक्षित परिसरातल्या काही घरांना ही सूट नसते, त्यांनी आधी कौन्सिलकडे चौकशी करावी.

सोनचाफा
रेझिन बाउंड आणि रेझिन बॉन्डेड हे एकच ना?

ओकवृक्ष
नाही हो, आणि घोळ इथेच होतो. बाउंड म्हणजे खडी आणि रेझिन मिक्सरमध्ये कालवून थापीने पसरतात, वर गुळगुळीत येतं आणि कणांमधून पाणी मुरतं. बॉन्डेड म्हणजे आधी रेझिनचा थर पसरायचा आणि वर सुटी खडी पेरायची. ते स्वस्त पडतं, खरखरीत दिसतं, पाणी मुरत नाही आणि काही काळाने खडे सुटतात. हॅरोकरांच्या सासूबाईंच्या वॉकरला बाउंडच हवं. कोटेशनवर शब्द नीट वाचा.

प्रयोगशाळा
रेझिनबद्दल थोडं मी लिहिते, पॉलिमरमध्ये काम करते.

ड्राइव्हवेसाठी वापरतात ते बहुतेक पॉलियुरेथेन. त्याचे दोन प्रकार: ॲरोमॅटिक आणि ॲलिफॅटिक. ॲरोमॅटिक स्वस्त असतं, पण सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी पिवळं-तपकिरी पडतं. ॲलिफॅटिक रंग धरून राहतं, त्यालाच "यूव्ही स्टेबल" म्हणून विकतात. गडद तपकिरी खडी असेल तर फरक कमी जाणवतो. करडी, चंदेरी किंवा पांढरट खडी घेणार असाल तर ॲलिफॅटिकशिवाय घेऊच नका. दर चौरस मीटरमागे काही पौंडच वाढतात. कोटेशनमध्ये नुसतं "रेझिन" नको, कोणतं रेझिन ते उत्पादनाच्या नावासकट लिहून घ्या.

दुसरं, दमट हवा. पॉलियुरेथेनमधल्या आयसोसायनेटची पाण्याशी प्रक्रिया होते आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणून ओल्या खडीत किंवा पायावर दव असताना काम केलं की फेस येतो, थर भुसभुशीत होतो, पांढुरके डाग पडतात. हे नंतर धुऊन जात नाही. म्हणूनच मिसळायची खडी भट्टीत वाळवलेली, बंद पोत्यांतली असते. हिवाळ्यात सकाळी आठला येऊन काम सुरू करणाऱ्याला थांबवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

कीन्सची_मैना
प्रयोगशाळा ताईंनी लिहिलं ते आमच्याकडे झालं. नोव्हेंबरात काम, सकाळचं धुकं, आणि गॅरेजसमोर दोन चौरस मीटरचा पट्टा पांढरा पडला. कंत्राटदार आधी म्हणाला "वाळल्यावर जाईल", मग फोन उचलणं बंद. नाव लिहीत नाही, प्रकरण मिटलं आहे.

मिटलं कारण डिपॉझिट क्रेडिट कार्डावर भरलं होतं. कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४ च्या कलम ७५ खाली, १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या किमतीच्या खरेदीला कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. थोडीच रक्कम कार्डावर भरली असली तरी संपूर्ण कामाला संरक्षण मिळतं. बिल ज्याने दिलं त्यालाच पैसे गेलेले असले पाहिजेत, एवढं बघा. कार्ड घेतो म्हणून कुणी दोन-तीन टक्के जास्त किंमत सांगितली तरी मी ते आनंदाने बजेटमध्ये धरेन.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या: थोडं डिपॉझिट, पाया झाल्यावर काही, उरलेले पूर्ण वाळून तपासल्यावर. घरी येऊन करार केला असेल तर साधारणपणे १४ दिवसांत तो रद्द करता येतो, आणि ही माहिती कंत्राटदाराने स्वतःहून द्यायची असते. "गॅरंटी १५ वर्षं" असं लिहिलेलं असलं तरी कंपनी बंद पडली की ती संपली. विमा-संरक्षित गॅरंटी आहे का ते विचारा.

दारावर येऊन "पुढच्या गल्लीत काम चालू आहे, माल उरलाय, आजच्या आज स्वस्तात करून देतो" म्हणणाऱ्यांना दार लावून घ्या. आमच्या भागातल्या वयस्क लोकांना यात फार लुबाडलं गेलंय.

ओकवृक्ष
+१. हा शेवटचा परिच्छेद आई-वडील एकटे राहत असतील त्यांना वाचून दाखवा.

देशावरचा
माझं मत जरा वेगळं. ब्लॉक पेव्हिंग का नाही? उद्या पाण्याची पाइप फुटली तर चार ब्लॉक उचलायचे, काम करायचं, परत बसवायचे. रेझिन कापलं की ठिगळ कायम दिसतं, रंग जुळत नाही. आम्ही पाणी मुरणारे ब्लॉक घेतले, समाधानी आहोत.

तांबडीमाती
देशावरचा, ठिगळाचं अगदी बरोबर. माझ्या मते रेझिन करण्याआधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच: खाली जे जे घालायचंय ते आधी घाला. हॅरोकर, तुमचं घर १९३० च्या दशकातलं. रस्त्यापासून घरापर्यंतची पाण्याची पाइप शिशाची असण्याची बरीच शक्यता आहे. स्टॉपकॉकपाशी जाऊन बघा: मऊ, करडी, खरवडल्यावर चकाकणारी असेल तर शिसं. बदलायचीच असेल तर याच खणण्यात बदला. वॉटर कंपनीकडे योजना आहे का तेही विचारा. ईव्ही चार्जरसाठी, फायबरसाठी रिकामी डक्ट पाइप आडवी टाकून ठेवा. आत्ता त्याचा खर्च नगण्य, नंतर तेच काम ड्राइव्हवे फोडून करावं लागेल.

वॉकरसाठी मात्र मी ब्लॉकपेक्षा रेझिनच सुचवेन. ब्लॉक कालांतराने एखादा वर, एखादा खाली होतो. तेवढ्या कडेलाही वॉकरचं चाक अडतं. रेझिनमध्ये वरून बारीक काचेची पूड पेरून घसरणं आणखी कमी करता येतं. दाराशी पायरी असेल तर तिथे हलका उतार करून घ्या.

गोदाकाठ
मी नाशिकहून वाचतोय. आमच्या बंगल्यासमोर असं करता येईल का? सध्या सगळीकडे काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक, पावसात पाणी गेटबाहेर वाहतं.

प्रयोगशाळा
दादा, तांत्रिकदृष्ट्या येईल, पण मी घाई करणार नाही. आपलं ऊन इतकं कडक की ॲलिफॅटिक रेझिनशिवाय पर्याय नाही. काम पावसाळा पूर्ण संपून जमीन वाळल्यावरच. आणि मिक्सर-थापीचं हे काम नेहमी करणारी टोळी जवळपास नसेल तर पहिला प्रयोग तुमच्या अंगणात होईल. तुमचा खरा प्रश्न पाणी मुरण्याचा आहे. पेव्हर ब्लॉक ठेवूनही तो सुटतो: खालचं पीसीसी (साधं काँक्रीट) काढा, काळी माती असेल तर ती उकरून चांगला मुरूम आणि वर स्वच्छ खडी भरा, ब्लॉकच्या फटीत सिमेंट न भरता बारीक खडी भरा. गवताचे जाळीदार ब्लॉकही चांगले.

गोदाकाठ
धन्यवाद ताई. खालच्या पीसीसीचा विचारच आला नव्हता.

हॅरोकर
सगळ्यांचे मनापासून आभार. दरम्यान बरंच काही केलं.

पट्टीने मोजलं. काँक्रीट आत्ताच डॅम्प प्रूफ कोर्सच्या १३० मिमी खाली आहे, म्हणजे वर थर घालणं बाद. पाइप शिशाचीच निघाली. आणि दोन मॅनहोलची झाकणं आहेत, ती रेझिन भरता येणाऱ्या खोलगट प्रकारची घ्यावी लागतील.

दुसऱ्या आणि तिसऱ्याला थरांची यादी मागितली. दुसऱ्याच्या यादीत रेझिन १२ मिमी आणि टाइप १. तिसऱ्याने १८ मिमी, टाइप ३, ॲलिफॅटिक असं सगळं लिहून दिलं. ते आधीपासूनच तसं करणार होते, कागदावर नव्हतं एवढंच. त्यांनी व्हॅटसकट ८,३०० चे ७,९०० केले.

पण मग असं झालं: ड्राइव्हवे ७,९००, झाकणं ३२०, पाइप १,१००, दोन गाड्यांसाठी फुटपाथवरचा ड्रॉप कर्ब (गाडी चढवायला खाली उतरवलेली कड) रुंद करायला कौन्सिलचा अंदाज १,९००. ही बेरीज ११,२२०. शिवाय अडीअडचणीला १,१०० धरले तर १२,३२०. एवढी तयारी नाही. ९,००० पर्यंत जाऊ शकतो. कुठे कात्री लावू?

तांबडीमाती
जाडीला लावू नका, रेझिनच्या प्रकाराला लावू नका, खणण्याला तर मुळीच नाही. १८ चे १२ मिमी केले की वरच्या थरातला एक तृतीयांश माल वाचतो, पण तो थर पायवाटेला ठीक, गाडी जाग्यावर स्टिअरिंग फिरवेल तिथे खडे सुटतील.

क्षेत्रफळ कमी करा. दुसरी गाडी खरोखर रोज आत लावायची आहे का? नसेल तर ड्रॉप कर्ब राहू द्या. ते काम कौन्सिलच्या परवानगीनेच होतं, नंतर स्वतंत्र करता येतं, आणि त्यात ड्राइव्हवे फारसा फोडावा लागत नाही. भिंतीलगत आणि कुंपणालगत मातीचे पट्टे सोडा, झाडं लावा. उतार त्या पट्ट्यांकडे ठेवलात तर जोराच्या पावसात जादा पाणीही तिथे जिरेल. लंडन क्लेमध्ये पाणी खाली हळू मुरतं, त्यामुळे याचा खरा उपयोग आहे.

कीन्सची_मैना
पट्ट्यांना माझंही अनुमोदन. आमच्याकडे लॅव्हेंडर लावलंय, मधमाश्या येतात. फक्त ड्राइव्हवेची कड भक्कम बांधून घ्या. ग्रॅनाइटचे सेट्स, म्हणजे दगडी ठोकळे, महाग वाटले तर काँक्रीटमध्ये बसवलेली ब्लॉकची एक रांग पुरते. कड नसली की रेझिन तिथूनच तुटायला लागतं.

हॅरोकर
१२ चौरस मीटर पट्टे सोडून ३८ चौरस मीटरचं नवं कोटेशन घेतलं: व्हॅटसकट ६,५००, ब्लॉकची कड आणि एक डक्ट त्यात धरून. झाकणं ३२० आणि पाइप १,१०० मिळवून ७,९२०, वर ८०० राखीव. एकूण ८,७२०. ड्रॉप कर्ब सध्या नाही. दारापासून गाडीच्या दारापर्यंतचा भाग सगळा रेझिनमध्येच येतो, ते आधी आखून बघितलं. सासूबाईंनी पट्ट्यात सोनटक्का लावायचं ठरवलंय, इथल्या थंडीत जगेल का ते ठाऊक नाही.

काम मेमध्ये. डिपॉझिट कार्डावर. एकच शंका उरली: मॅनहोलची झाकणं कुणी आणायची, मी की त्यांनी? आणि कधी?

सोनचाफा
सोनटक्का कुंडीत लावा, थंडीत आत घेता येईल.

तांबडीमाती
त्यांनाच आणू द्या, म्हणजे माप चुकलं तर जबाबदारी त्यांची. पण डांबर टाकण्याआधी जागेवर आलेली असली पाहिजेत, कारण चौकट डांबराच्या आधी बसते आणि तिची वरची कड रेझिनच्या अंतिम पातळीला जुळवावी लागते. झाकण गाडीचं वजन पेलणारं हवं, पायवाटेचं नको. आणि कोटेशनमध्ये "मॅनहोल झाकणं २, बसवून" अशी वेगळी ओळ लिहून घ्या. कामाच्या मध्यावर जादा बिल येतं ते बहुतेक याच बाबीचं असतं.